अर्ज नको, पत्र लिही

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून इचलकरंजीला खालाकडे गेलो होतो. माग बंद होते, त्यामुळे गल्लीत एरवी कधीच नसते इतकी शांतता होती. जेवण झाल्यावर खालाची मुलगी लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली. वीस वर्षं उलटून गेली तरी घरात आम्ही तिला छोटीच म्हणतो. ती कोल्हापुरात पाच वर्षांच्या लॉच्या कोर्सला आहे, चौथ्या वर्षात. मुंबईतल्या पाच-सहा लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून, म्हणजे आपल्याकडच्या शब्दात इंटर्न म्हणून, अर्ज करायचा होता. सीव्ही तयार होता, त्यासोबतचं कव्हर लेटरही लिहून झालं होतं.

‘‘भाई, जरा इंग्रजी बघून दे ना. ग्रामर तेवढं.’’

ग्रामर ठीक होतं. पण पत्राची सुरुवातच अशी होती : ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट...’ पुढचं मराठीत सांगतो. मी मागास आणि अल्पसंख्याक कुटुंबातून आले आहे. वडील गरीब यंत्रमागधारक आहेत. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच मुलगी. अनेक संकटांना तोंड देत इथवर पोहोचले. मी कष्टाळू, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे. आपल्या नामांकित फर्ममध्ये एक संधी मिळाली तर आयुष्यभर ऋणी राहीन.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही वाक्य कामाचं नव्हतं.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण गेली काही वर्षं आमच्या टीमसाठी येणारे अर्ज मी वाचतो, आणि वाचणारा माणूस कसा वाचतो हे मला माहीत आहे. तो थकलेला असतो. त्याचं स्वतःचं काम अर्धवट पडलेलं असतं. एका अर्जाला तो मिनिटभर देतो, कधी तेवढंही नाही. कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर हे शब्द त्याच्या डोळ्यांना दिसतच नाहीत, कारण ते प्रत्येक अर्जात असतात. आळशी आणि लबाड आहे असं आजवर कोणीही लिहिलेलं नाही.

मी छोटीला विचारलं, ‘‘वकिलीचं म्हणून तू आजवर प्रत्यक्ष काय केलंयस?’’

‘‘कॉलेजातली एक मूट कोर्ट. आणि इथल्या एका वकिलांकडे महिनाभर बसले होते. बाकी काही नाही.’’

आतून खालाचा आवाज आला, ‘‘काही नाही कसं? अब्बांच्या चेकचं सगळं कोणी केलं मग?’’

ती गोष्ट अशी. खालू खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घ्यायचं, कापड विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. एका व्यापाऱ्याने तीन महिन्यांच्या मजुरीचा चेक दिला आणि तो वटला नाही. व्यापारी रोज ‘उद्या टाकतो’ म्हणायचा. खालूंचा स्वभाव असा की त्यांनी वर्षभर वाट पाहिली असती, वर त्याला चहाही पाजला असता. छोटी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. बँकेची चेक परतीची चिठ्ठी तिने कपाटावर पडलेली पाहिली आणि दिवस मोजले. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 प्रमाणे चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. तरीही दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातले चोवीस दिवस ‘उद्या टाकतो’मध्येच गेले होते. तिने त्या रात्री नोटिशीचा मसुदा लिहिला. सकाळी वकिलांकडे नेला, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि नोटीस रवाना झाली. मग तिने डिलिव्हरी चलनं, मजुरीची बिलं, चेक, बँकेची चिठ्ठी, पोस्टाची पावती असं सगळं तारखेप्रमाणे लावून एका पानाचा तक्ता केला. वकिलांनी तो तक्ता जवळपास जसाच्या तसा वापरला.

पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं.

‘‘का नाही लिहिलंस?’’

‘‘ते घरचं काम होतं ना. इंटर्नशिप थोडीच होती? त्याचं सर्टिफिकेट कुठाय?’’

मला जे सांगायचंय ते इथे आहे. आपल्या मुलामुलींना गरिबी लिहिता येते, काम लिहिता येत नाही. आणि यात त्यांची चूक नाही. शाळेत आपण अर्जलेखन शिकलो ते विनंतीचं. मग शिष्यवृत्तीचा फॉर्म, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, कोणत्या तरी ट्रस्टची मदत. प्रत्येक खिडकीवर आपण आपली अडचण सिद्ध करून दाखवली, आणि जितकी नीट सिद्ध केली तितकं काम झालं. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ते बरोबरच आहे. तिथे गरज हाच निकष असतो, तो हक्क आहे आणि तो मागायला लाजायचं कारण नाही. पण लॉ फर्म ही मदतीची खिडकी नाही. तिथे गरज फर्मची असते. चारशे पानांच्या कागदांतून तारखा काढून देणारं कोणीतरी त्यांना हवं असतं. एखाद्या मुद्द्यावरचे निकाल शोधून, त्यातला कोणता अजून कायम आहे आणि कोणता वरच्या कोर्टाने फिरवला हे सांगणारं, करारातल्या कलमांचे चुकलेले क्रमांक पकडणारं कोणीतरी हवं असतं. छोटीने दुसऱ्या वर्षाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नेमकं हेच काम केलं होतं, आणि पत्रात तिने लिहिलं काय, तर ‘आय बेग’.

उपकाराची भाषा काढून टाकायला आणखी एक कारण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. संपूर्ण कोर्समध्ये एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि अपिलाच्या कोर्टातल्या वकिलांसोबत काम करणं त्यात अपेक्षित आहे. म्हणजे कोर्सचाच भाग असलेली गोष्ट तुम्ही मागताय. ज्यांच्या गावात फर्म नाही त्यांनी नाराज होऊ नये. तालुक्याच्या कोर्टातला एक महिना ही पत्रासाठी उत्तम सामग्री आहे, फक्त ‘बसले होते’ असं लिहू नका, काय केलं ते लिहा. आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या मुलांना आता हायकोर्ट पाहायला मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय.

आता पत्र. एक पान, त्याहून जास्त नको. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कोणत्या वर्षाला, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या विभागात काम करायचंय. छोटीच्या पत्रात तारखा शेवटच्या ओळीतही नव्हत्या. वाचणाऱ्याला आधी हेच पाहायचं असतं की त्या महिन्यात जागा आहे का.

मग ‘तुमचीच फर्म का’ हा भाग. इथे बहुतेक पत्रं मरतात. ‘नामांकित’, ‘अग्रगण्य’, ‘दर्जेदार’ असं लिहिलं जातं, कारण खरी माहिती नसते. भारतात वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे फर्मच्या वेबसाइटही जपून लिहिलेल्या असतात, हेही खरं. पण एक जागा आहे जिथे सगळं उघड पडलेलं असतं आणि ती फुकट आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा कोणताही निकाल उघडा. वरच्या बाजूला हजर वकिलांची नावं असतात आणि त्यात ‘आय स्लॅश बी’ अशी दोन अक्षरं दिसतात. त्याचा अर्थ ‘इन्स्ट्रक्टेड बाय’. कोर्टात उभा राहून बोलणारा वकील एक आणि त्याला केस तयार करून देणारी फर्म दुसरी. त्या दोन अक्षरांपुढे बहुधा त्या फर्मचं किंवा वकिलाचं नाव असतं. तुम्हाला ज्या फर्ममध्ये जायचंय तिचं नाव असलेले दोन-तीन निकाल शोधा आणि वाचा. हायकोर्टाच्या साइटवर आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे छापील रिपोर्टसुद्धा 2023 पासून ई-एससीआरवर मोफत आहेत. एक निकाल नीट वाचून त्यातल्या एका मुद्द्यावर लिहिलेली दोन वाक्यं ‘अग्रगण्य’ या शब्दाच्या शंभर पट वजनाची असतात. छोटीला हे माहीत होतं, निकाल ती रोजच वाचते. पण पत्र लिहिताना ते उपयोगी पडेल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नावांच्या बाबतीत सावध राहा. अमरचंद मंगलदास ही जुनी फर्म 2015 मध्ये दोन भावांत वाटली गेली. सिरिल अमरचंद मंगलदास वेगळी आणि शार्दूल अमरचंद मंगलदास वेगळी. मुंबईत दोघांचीही ऑफिसं आहेत. एकीला पाठवायचं पत्र दुसरीच्या नावाने गेलं तर पुढचं कोण वाचेल? ‘डिअर सर’चंही तेच. एझेडबी झिया मोदींनी उभी केली. पत्र कोणाकडे जाणार हे शोधा, सापडलं तर त्यांचं नाव लिहा, नाही सापडलं तर ‘रिक्रूटमेंट टीम’ म्हणा. समोर पुरुषच बसलाय असं गृहीत धरू नका. हे आपल्या बहिणींना तरी मी सांगायला नको.

माझ्या धंद्यातली एक चाचणी सांगतो. पत्र पूर्ण झालं की ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून फर्मचं नाव बदला, दुसऱ्या कोणत्या तरी फर्मचं टाका आणि पुन्हा वाचा. पत्र तसंच्या तसं खरं वाटलं, तर ते कोणालाच लिहिलेलं नाही. छोटीचं पहिलं पत्र फर्मच काय, बँकेला किंवा मेडिकल कॉलेजलाही चाललं असतं.

चॅटजीपीटीबद्दल विचारलं जातंच. मी या क्षेत्रातला असल्यामुळे लोकांना वाटतं मी बाजूने बोलेन. इंग्रजी तपासायला वापरा, जरूर वापरा. मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांना त्याने मोठा आधार मिळालाय. पण ‘मला कव्हर लेटर लिहून दे’ म्हटलंत तर तुम्हाला जे मिळेल तेच शेजारच्यालाही मिळालंय. तेच ‘आय अॅम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट’. चोवीसाव्या दिवसाची गोष्ट त्याला माहीत नसते, ती तुम्हालाच लिहावी लागते. आणि त्याने दिलेला निकालाचा संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय पत्रात टाकू नका. नसलेले निकाल तो अगदी आत्मविश्वासाने सांगतो, आणि तुम्ही पत्र वकिलाला पाठवताय.

आता नावाचा विषय. तो टाळून पुढे जाणं मला जमणार नाही, कारण छोटीने सीव्हीवर नावाच्या जागी नुसती दोन आद्याक्षरं लिहिली होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मैत्रिणी म्हणतात, पहिली चाळण पार होईपर्यंत बरं असतं.’’

मैत्रिणी हवेतलं बोलत नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता खूपच कमी निघाली. 2022 मध्ये लेडबाय फाउंडेशनने हबीबा अली आणि प्रियांका शर्मा अशा दोन काल्पनिक नावांनी एकसारखे सीव्ही हजार ठिकाणी पाठवले. प्रियांकाला 208 होकारार्थी उत्तरं आली, हबीबाला 103. हे अभ्यास लॉ फर्मचे नाहीत, पण लॉ फर्ममधली माणसं याच देशातली आहेत.

मीही हे केलंय. पहिल्या नोकरीत परदेशी क्लायंटला सोपं जावं म्हणून मी तीन अक्षरांचं नाव लावून घेतलं होतं. ऑफिसातले सगळे मला त्याच नावाने हाक मारायचे. दोन वर्षांनी अब्बा ऑफिसच्या गेटवर आले आणि वॉचमनला माझं खरं नाव सांगून मला विचारू लागले, तर वॉचमन म्हणाला, असं कोणी इथे नाही. त्या दिवसानंतर मी ते नाव सोडलं. म्हणून कोणी आद्याक्षरं लिहिली तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण छोटीला मी पूर्ण नाव लिही म्हटलं, आणि कारण व्यवहाराचं होतं. तिला वकील व्हायचंय. उद्या सनद पूर्ण नावाने निघेल, वकीलपत्रावर तेच नाव असेल, निकालाच्या वरच्या ओळीत तेच छापलं जाईल. ज्या धंद्यात नाव हीच पाटी असते, तिथे पाटी झाकून सुरुवात करता येत नाही. बद्रुद्दीन तय्यबजी 1895 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि त्यांच्याही आधी त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन विलायतेत सॉलिसिटर झाले होते. ‘आपल्यातलं तिथं कोण असतं’ हा प्रश्न मुंबईत तरी सव्वाशे वर्षं जुना झालाय.

मात्र नाव लिहिणं वेगळं आणि रकाना भरणं वेगळं. आपले सीव्ही अजून लग्नाच्या बायोडाटासारखे असतात. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव आणि व्यवसाय, जन्मतारीख, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो. हे कोणी मागितलेलं नसतं. ते काढून टाका, जागा वाचेल. त्या जागेत मूट कोर्टात तुम्ही नेमका कोणता मुद्दा मांडला होता ते लिहा.

आणि मग घरची परिस्थिती लिहायचीच नाही का? लिहायची, पण कामाच्या रूपात. आम्ही दोघांनी तो परिच्छेद नव्याने लिहिला. मराठीत साधारण असा होता : ‘माझे वडील इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देतात. एका व्यापाऱ्याचा चेक न वटल्यावर कलम 138 खालची नोटीस मी तयार केली, मुदतीला सहा दिवस उरले असताना. नंतर चलनं आणि बिलं तारखेप्रमाणे लावून एक पानाचा तक्ता केला, तो वकिलांनी तक्रारीसोबत वापरला. त्या तक्त्यावर काम करताना लक्षात आलं की छोट्या उद्योगाचं उशिरा येणारं बिल हा फक्त चेकचा प्रश्न नाही. एमएसएमई कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. तुमच्या डिस्प्यूट्स विभागाने लढवलेल्या एका प्रकरणात याच कायद्याचा मुद्दा होता, तो निकाल मी वाचला आहे.’ यात गरीब हा शब्द नाही, संकट नाही, ऋण नाही. तरीही ती कोणत्या घरातून येते हे वाचणाऱ्याला कळतं, आणि सोबत हेही कळतं की ही मुलगी तारखा चुकवत नाही.

एका ठिकाणी मी तिला अडवलं. वकिलांकडच्या महिन्याबद्दल लिहिताना तिने उत्साहात एका पक्षकाराचं नाव टाकलं होतं, जमिनीच्या वादासकट. घरची केस सांगायला घरच्यांची परवानगी असते, दुसऱ्याच्या पक्षकाराची नसते. जी इंटर्न आधीच्या ऑफिसातलं बाहेर सांगते ती आमचंही सांगेल, हे कोणत्याही वकिलाच्या लगेच लक्षात येईल. ‘वाटपाच्या एका दाव्यात’ एवढं पुरतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. अनेक जागा पत्र येण्याआधीच भरलेल्या असतात. कोणाचे काका तिथे असतात, कोणाचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ. पत्राने ते बदलत नाही. शिवाय मुंबईत महिनाभर राहायचा खर्च असतो. सगळ्याच फर्म स्टायपेंड देत नाहीत, आणि प्रत्येकाची फुफी मुंब्र्याला राहत नाही. ज्यांची राहते त्यांनी गावातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीलाही तिथे जागा मिळेल का ते विचारावं. याबद्दल आपल्या संघटनांनी काही केलं तर ते माझ्या लेखापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

छोटीने सहा ठिकाणी पत्र पाठवलं, सहाही वेगळी. चार ठिकाणांहून अजून काही आलेलं नाही. एकाने नम्रपणे नाही म्हटलं. सहाव्या फर्ममधून जानेवारीत फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी कुटुंबाबद्दल काही विचारलं नाही, थेट विचारलं, ‘‘ते पंधरा दिवस तुम्ही कोणत्या तारखेपासून मोजले? नोटीस पाठवल्याच्या?’’ छोटी म्हणाली, ‘‘नाही मॅडम, मिळाल्याच्या. पोस्टाच्या पोचपावतीवरची तारीख घेतली.’’ मे महिन्यातले चार आठवडे ठरले.

खालूंना तिने हे सांगितलं तेव्हा ते मागाजवळ होते, त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्यांनी माग थांबवला आणि म्हणाले, ‘‘चेकचंच विचारलं ना त्यांनी? मग आपली पुढची तारीख कधी लागणार, तेही विचारून घ्यायचं होतंस.’’